जाहिरातीत पगार छापला, वाचला भलत्यांनीच

रॅरिटनकाठ:
नमस्कार मंडळी. दहा वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

मध्य न्यू जर्सीत आमचे दातांचे दोन दवाखाने आहेत. बायको डेंटिस्ट, आणि मी उरलेलं सगळं, म्हणजे पगारपत्रक, इन्शुरन्सवाल्यांशी हुज्जत आणि तुंबलेलं बेसिन. दोन्हीकडची मिळून चौदा माणसं. इथे १ जून २०२५ पासून नवा कायदा लागू झालाय. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर नोकरीच्या जाहिरातीत पगाराचा आकडा नाहीतर रेंज द्यायचीच, शिवाय सुट्ट्या, विमा वगैरे काय मिळेल तेही ढोबळमानाने लिहायचं. चुकलं तर पहिल्या वेळी ३०० डॉलरपर्यंत दंड, पुढे दर वेळी ६०० पर्यंत. अकाउंटंटने आधीच सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, त्यात काय, लिहू.

दुसऱ्या दवाखान्यात फ्रंट डेस्कला माणूस हवा होता. चौकशी केली तर एकवीसच्या खाली कुणी फोनसुद्धा उचलत नाही. म्हणून लिहिलं, तासाला २१ ते २४ डॉलर. सोमवारी जाहिरात टाकली. मंगळवारी सकाळी आठला, पहिला पेशंट यायच्या आधी, पहिल्या दवाखान्यातली आमची फ्रंट डेस्कवाली (तिला इथे 'म' म्हणू) माझ्या टेबलाशी आली आणि फोन समोर ठेवला. काच एका कोपऱ्यात तडकलेली, आणि त्या तड्याखाली आमचीच जाहिरात. म्हणाली, "मी अर्ज केला तर चालेल का?"

चेष्टा नव्हती. सहा वर्षं आहे ती आमच्याकडे, आणि तिला मिळतात १९.५०.

मी "बघतो" असं काहीतरी पुटपुटलो. तेवढ्यात दवाखान्याचा फोन वाजला आणि तिनेच जाऊन घेतला, नेहमीच्याच गोड आवाजात. दुपारपर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं.

तर प्रश्न असा, की जाहिरात काढून घेऊ का? की रेंजच मोठी करून टाकू, १७ ते ३०, म्हणजे जुने-नवे सगळेच त्यात बसतील? बायको म्हणते तिसरा उपाय आहे आणि तो तुला ठाऊक आहे. आहे ठाऊक. महाग आहे.

मध्यरात्रीचा_चहा:
रुमाल टाकून ठेवतो. वहिनींना अनुमोदन.

डेन्व्हरची_थंडी:
रॅरिटनकाठ, तुमच्यासारखे मालक आम्ही २०२१ पासून बघतोय. जाहिरातीत पगार छापायची सक्ती करणारं पहिलं राज्य आमचं कोलोरॅडो, १ जानेवारी २०२१ पासून. दंडही तुमच्यासारखा लिंबू-टिंबू नाही, एका चुकीला ५०० ते १०,००० डॉलर. तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांनी काय शक्कल काढली माहितीये? घरून करायच्या नोकऱ्यांच्या जाहिरातीत खाली बारीक अक्षरात टाकायचे, "कोलोरॅडोत राहणाऱ्यांनी अर्ज करू नये." सगळ्या अमेरिकेला चालेल, फक्त आम्ही नको! शेवटी राज्याच्या कामगार खात्याने बजावलं की तुमचा एक जरी माणूस इथे कामाला असेल तर अशा जाहिरातीतही पगार लिहायचा, ती ओळ टाकून सुटका नाही.

मोठ्या रेंजचं म्हणाल तर तो विनोद न्यूयॉर्कने आधीच करून झालाय. १ नोव्हेंबर २०२२ ला तिथला कायदा लागू झाला त्याच दिवशी एका बड्या बँकेची जाहिरात झळकली, पगार शून्य ते वीस लाख डॉलर. नंतर म्हणाले, चुकून झालं. न्यूयॉर्क काय, कॅलिफोर्निया काय, कायद्याचं म्हणणं एकच: खरोखर जेवढं द्यायचा इरादा आहे तेवढंच लिहा. १७ ते ३० लिहिलंत तर 'म' विचारेल, "मग मला तीस कधी?"

पेठेतली_एचआर:
मी पुण्यात अकरा वर्षं एचआरमध्ये आहे, त्यामुळे हा धागा वाचून थोडी असूया आणि थोडी भीती वाटली.

आपल्याकडची जाहिरात आठवा. "पगार: बेस्ट इन इंडस्ट्री." "योग्य उमेदवारास पगाराची मर्यादा नाही." आणि उमेदवार फोनवर आला की माझा पहिला प्रश्न, करंट सीटीसी (म्हणजे सगळं धरून वर्षाचा पगार) किती? मागच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा पाठवा. मग त्यावर वीस-तीस टक्के चढवून ऑफर. म्हणजे पहिल्या नोकरीत जो गरजेपोटी कमी पगारावर चिकटला (किंवा चिकटली, बहुतेक वेळा चिकटलीच), त्याचं ते कमीपण पुढच्या चार नोकऱ्यांत सोबत येतं. मूल झाल्यावर दोन वर्षं थांबलेल्या मुलींची तर फारच वाट लागते. स्लिपच जुनी असते.

न्यू जर्सीत जुना पगार विचारायलाच २०२० पासून बंदी आहे ना? मॅसॅच्युसेट्समध्ये २०१८ पासून आहे असं आमच्या तिकडच्या ऑफिसने कळवलं होतं. आम्ही इथून अमेरिकेतल्या उमेदवारांचे फोन घ्यायचो तेव्हा ते वाक्य तोंडातून निघू नये म्हणून मॉनिटरला पिवळी चिठ्ठी चिकटवली होती. तीच मी, दुपारी तिकडच्यांना विचारायचं नाही आणि सकाळी इकडच्यांना विचारल्याशिवाय सोडायचं नाही.

आणि ऑफर लेटरमधला तो परिच्छेद, "आपला पगार गोपनीय असून सहकाऱ्यांशी चर्चा केल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल." कितीतरी पत्रांत मीच टाकलाय. अमेरिकेत खासगी नोकरीतल्या साध्या कर्मचाऱ्यावर असली बंदी घालता येत नाही, आणि ते आजचं नाही, १९३५ च्या कायद्यापासूनचं आहे.

बेंचवरचा_बंड्या:
बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). अवांतर: आपल्या एच-वन-बी मंडळींना पारदर्शकता नवी नाही. व्हिसाच्या कामगार-अर्जाची नोटीस कामाच्या ठिकाणी दोन ठळक जागी दहा दिवस लावावी लागते, हुद्दा आणि पगारासकट. आमच्याकडे ती पँट्रीत मायक्रोवेव्हच्या वर लावायचे. वरण-भात गरम होईपर्यंत दीड मिनिट समोर स्वतःचाच पगार वाचत उभा राहिलोय. नाव नसतं त्यावर, पण त्या हुद्द्याचा नवा माणूस ऑफिसात एकटाच असेल तर नाव हवंय कशाला? शिवाय सगळी माहिती सरकार दर तिमाहीला जाहीर करतं. लग्नाची स्थळं बघताना कोणकोणत्या काकांनी ती चाळलीये त्याची यादी मी देऊ शकतो.

निवृत्त_गुरुजी:
तुमचं हे सर्व वाचून मौज वाटते. आम्ही जिल्हा परिषदेत एकतीस वर्षे काढली. माझा पगार मला जेवढा माहीत होता तेवढाच शेजारच्या वर्गावरच्या गुरुजींना, किराणावाल्याला आणि पतपेढीच्या शिपायाला माहीत होता. भरतीच्या जाहिरातीतच छापलेलं असतं, एस-१० ही वेतनश्रेणी म्हणजे २९,२०० ते ९२,३००. लपवायचं काय?

आता मुद्द्याचे. रॅरिटनकाठ यांची जी अडचण आहे तिला आमच्याकडे नाव आहे. ज्येष्ठाला कमी आणि कनिष्ठाला जास्त, ही वेतनातली तफावत. वेतन आयोग आला, पदोन्नती झाली, की असे घोळ व्हायचेच. त्यावर 'स्टेपिंग अप' असतं. ठराविक अटींत बसलात की ज्येष्ठाचे वेतन कनिष्ठाच्या पातळीला आणून ठेवतात. मी स्वतः त्यासाठी सेवापुस्तक काखेत मारून पंचायत समितीच्या चौदा फेऱ्या मारल्या. मिळाले. फरकासह मिळाले.

परंतु उघड म्हणजे न्याय्य असेही समजू नका. शिक्षणसेवकाचे मानधनही कायम जाहीरच होते. सहा हजार रुपये. तीन वर्षे. २०२३ मध्ये ते सोळा हजार झाले तोवर आख्खा महाराष्ट्र तो आकडा उघड्या डोळ्यांनी वाचत होता.

भोसरीवाला:
गुरुजींना नमस्कार, पण सरकारचा पैसा आणि माझा पैसा यात फरक आहे. माझं वर्कशॉप आहे, बावीस माणसं. सगळे एकमेकांचे पगार जाणतातच, डबा खाताना दुसरं बोलतात काय. तरी मी तोंडाने कधी कबूल करत नाही, कारण एकदा कबूल केलं की संपलं.

साधं उदाहरण सांगतो. व्हीएमसी मशीनवर माझा एक ऑपरेटर बारा वर्षांचा जुना. चाकणवरून नवा पोरगा आला, म्हणाला चार हजार जास्त द्या, नाहीतर चाललो. ऑर्डर अडकलेली, दिले. आता ते उघड केलं तर बारा वर्षांवाल्यालाही द्यायचे, मग त्याच्या बाजूच्या तिघांना. म्हणजे एक पोरगा मला चार हजाराला नाही, वीस हजाराला पडला. मग मी काय करणार? पुढच्या पोराला चार हजार देणारच नाही. तुमच्या कायद्याने कामगाराचं भलं नाही होत, मालकाला "नाही" म्हणायला आयतं कारण मिळतं.

पेठेतली_एचआर:
भोसरीवाला, तुम्ही हसाल, पण तुमचं वर्कशॉपमधलं गणित अभ्यासकांनी मांडलंय. अमेरिकेत ज्या राज्यांनी पगाराबद्दल बोलण्याच्या हक्काला संरक्षण दिलं तिथे खासगी नोकऱ्यांतले पगार सरासरी दोन टक्क्यांच्या आसपास खाली आले, असं एका संशोधनात निघालंय. कारण तुम्ही म्हणता तेच: एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागेल, म्हणून मालक घासाघिशीत ताठ होतो. डेन्मार्कने २००६ मध्ये ३५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना स्त्री-पुरुषांच्या पगाराचे आकडे वेगवेगळे द्यायला लावले. तिथे दोघांतली दरी कमी झाली, पण बायकांचे पगार उसळले म्हणून नव्हे, मुख्यतः पुरुषांची वाढ मंदावली म्हणून.

तिसरा अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठातला, २०१२ मध्ये छापून आलेला. तिथले पगार एका वेबसाइटवर होतेच. संशोधकांनी काही कर्मचाऱ्यांना मुद्दाम तसं कळवलं. ज्यांना कळलं की आपण आपल्या विभागातल्या मधल्या आकड्याच्या खाली आहोत, ते नाराज झाले आणि दुसरी नोकरी शोधायच्या विचाराला लागले. वरच्यांना काही फरक पडला नाही. वर असलेला माणूस खूश होत नाही, त्याला वाटतं हे आपलं होतंच.

पण माझा तुम्हाला प्रश्न असा, की बारा वर्षांवाल्याला माहीत आहेच म्हणता. मग लपवून मिळवलं काय?

भोसरीवाला:
मिळवलं एवढंच, की तो विचारत नाही.

पेठेतली_एचआर:
हे वाक्य मी प्रिंट काढून टेबलाशी लावणार आहे.

म्युनिकमुक्कामी:
युरोपात नेमकं ते "विचारत नाही" मोडायचं चाललंय. २०२३ चा युरोपीय महासंघाचा निर्देश आहे, सदस्य देशांनी ७ जून २०२६ पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचा. सुरुवातीचा पगार किंवा रेंज उमेदवाराला आधी सांगायची, म्हणजे बोलणीला बसताना दोन्ही बाजूंना माहीत हवी. जुना पगार विचारायचा नाही. इथवर तुमच्यासारखंच.

पुढचं मात्र जड आहे. कामाला असलेला कुणीही लेखी विचारू शकतो, की माझ्यासारखं किंवा माझ्या कामाच्या तोलाचं काम करणाऱ्या बायकांचा सरासरी पगार किती, पुरुषांचा किती. दोन महिन्यांत उत्तर द्यायचं. शंभर किंवा जास्त माणसं असतील त्यांनी स्त्री-पुरुष फरकाचा अहवाल टप्प्याटप्प्याने द्यायचा, अडीचशे किंवा जास्त असतील त्यांनी दर वर्षी. एखाद्या गटात फरक पाच टक्के किंवा जास्त निघाला, त्याला धड कारण देता आलं नाही आणि सहा महिन्यांत मिटवलाही नाही, तर कामगारांच्या प्रतिनिधींना शेजारी बसवून सगळी पगाररचना तपासायची. आणि पारदर्शकतेचे नियम पाळले नसतील तर कोर्टात "भेदभाव झाला नाही" हे मालकाने सिद्ध करायचं.

जर्मनीत २०१७ पासून एक कायदा होताच, पण विचारण्याचा हक्क दोनशेच्या वर माणसं असलेल्या ठिकाणीच. माझ्या ओळखीत तो वापरलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. शेजारच्याला नाराज कोण करणार?

आमच्या ऑफिसात गेलं वर्षभर एकच काम चाललंय. प्रत्येक कामाला चार कसोट्या लावायच्या: कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती. मग गट पाडायचे. कॅन्टीन सांभाळणारी बाई आणि गोदामाचा मुकादम एका तोलाचे निघाले तेव्हा मीटिंगमध्ये जी शांतता पसरली, ती मी विसरणार नाही. रॅरिटनकाठ, तुमच्या धाग्याचं उत्तर यातच आहे. तुमच्याकडे १९.५० ला काही कारण होतं का?

गिरगावची_गौरी:
म्युनिककर "एका तोलाचं काम" म्हणतात, ते भांडण मुंबईत कधीच होऊन गेलंय, आणि ते टायपरायटरवर बसणाऱ्या बायकांनी जिंकलंय. मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकॉस्टा, सर्वोच्च न्यायालय, १९८७. ऑड्रीबाई साहेब लोकांच्या कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर. पुरुष स्टेनोंना जास्त पगार. कंपनी म्हणाली, या बायकांचा वर्गच वेगळा, युनियनशी करारही झालाय, आणि वर आमची ऐपत नाही. कोर्टाने १९७६ च्या समान वेतन कायद्यावर बोट ठेवलं: काम सारखं आहे, आणि कंपनी तंगीत आहे ही सबब या कायद्यापुढे चालत नाही.

आमच्या आईच्या पिढीच्या फोर्टातल्या टायपिस्ट बायका हे नाव घ्यायच्या. तेव्हा त्यांना कळलं कसं? पुरुष स्टेनो त्याच ऑफिसात बसायचे आणि युनियनचा करार छापील होता. अमेरिकेत लिली लेडबेटरला कुणीतरी निनावी चिठ्ठी टाकली तेव्हा कळलं की त्याच कामाच्या पुरुषांना जास्त पगार आहे, तोवर टायरच्या कारखान्यात जवळजवळ दोन दशकं निघून गेली होती. २००७ मध्ये ती केस हरली, उशीर झाला म्हणून. २००९ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला, पण तिला त्यातलं काही मिळालं नाही.

सिएटलची_सर:
घाईत लिहितेय. रॅरिटनकाठ, तुमच्या राज्यात दंड सरकार करतं, तेवढ्यावर सुटलात. आमच्या वॉशिंग्टन राज्यात अर्जदारच कोर्टात जातो, जाहिरातीत पगार नव्हता म्हणून माणशी ५,००० डॉलर. दाव्यांचं पीक आलं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वर सांगितलं, की अर्जदाराला ती नोकरी मनापासून हवी होती हे दाखवायची गरज नाही. विधिमंडळाने मात्र त्याआधीच, जुलैपासून, मालकाला चूक सुधारायला कामाचे पाच दिवस दिलेत आणि रक्कम १०० ते ५,००० अशी केलीय. नवरा एका छोट्या कंपनीत आहे, तिथे आता जाहिरात तिघांनी वाचल्याशिवाय बाहेर जात नाही.

भोसरीवाला:
आमच्याकडे असलं काही येणार आहे का? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी वेतन संहिता लागली, तिच्यात आहे का?

पेठेतली_एचआर:
जाहिरातीत पगार छापायची सक्ती नाही. पगारात लिंगावरून भेद करायचा नाही हे आहे, भरतीतही. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा, त्यामुळे सीटीसी फुगवायची आमची जुनी कला अडचणीत आलीये. लिस्टेड कंपन्यांचं निराळं. पहिल्या हजार कंपन्या २०२२-२३ पासून सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) अहवालात पुरुषांचा आणि बायकांचा मध्यक, म्हणजे मधला, पगार वेगवेगळा देतात. कुणीही उघडून वाचावा असा कागद आहे. कुणी वाचत नाही. तुम्हाला तूर्त धोका नाही, पण बारा वर्षांवाल्याला द्या काहीतरी.

रॅरिटनकाठ:
सगळ्यांचे आभार. चार दिवस गायब होतो, कारण म्युनिककरांचा प्रश्न घेऊन बसलो होतो. शनिवारी दवाखाना बंद झाल्यावर एक्सेल उघडलं. नाव, काम, कधीपासून, किती, आणि शेवटचा रकाना: कारण.

पहिले चार रकाने दहा मिनिटांत भरले. पाचवा रात्री साडेअकरापर्यंत भरेना.

'म' ला १९.५० का? २०१९ मध्ये ती १५.५० वर आली, नंतर दर वर्षी मला जमेल तेवढं वाढवलं. एवढंच. मी कधी बाहेरचा भाव बघितला नाही, तिने कधी मागितलं नाही. चौदांपैकी पाच जणी अशा निघाल्या, की त्यांची जागा उद्या रिकामी झाली तर मला जाहिरातीत जास्त आकडा टाकावा लागेल.

त्याहून वाईट पुढेच होतं. दोन डेंटल असिस्टंट, एकाच महिन्यात लागलेल्या, काम तेच, आणि तासाला सव्वादोन डॉलरचा फरक. एकीने रुजू होताना घासाघीस केली होती, दुसरी ओळखीतून आली आणि "तुम्ही द्याल ते" म्हणाली. घासाघीस करणारी आपली देशी. दुसरी इक्वाडोरची. माझ्या मनात तसं काही नव्हतं, शपथेवर सांगतो. पण आमच्या राज्यात २०१८ पासून समान वेतनाचा निराळा कायदा आहे. सहा वर्षांपर्यंत मागे जाता येतं आणि भरपाई तिप्पट. वकिलीणबाई फोनवर म्हणाल्या, जाहिरातीचे तीनशे डॉलर विसरा, तुम्ही या ओळीकडे बघा. आणि मनात काय होतं तो रकाना तुमच्या तक्त्यात मला दिसत नाही.

डेन्व्हरची_थंडी:
दादा, एक कळकळीची विनंती. या असिस्टंट प्रकरणाचा तपशील संपादित करून काढा. धागा गूगलवर दिसतो.

रॅरिटनकाठ:
वकिलीणबाईंना विचारूनच लिहिलंय, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात. त्या दोघींचं सोमवारीच सारखं केलं, मागच्या बाकीसकट.

'म' ला २३.५० केले. चार डॉलरने वाढ म्हणजे वर्षाला ८,३२०, त्यावर माझ्या वाट्याचा ७.६५ टक्के कर. पाचही जणींचं धरून सत्तावीस हजारांच्या आसपास जातंय. फी मी वाढवू शकत नाही, ती इन्शुरन्स कंपनी ठरवते. नवं एक्स-रे मशीन पुढच्या वर्षावर ढकललं. भोसरीवाल्यांचं गणित चुकीचं नाही हो, एकवीसची एक जाहिरात मला सत्तावीस हजाराला पडली.

'म' ला सांगितलं तेव्हा तिने कागद दोनदा वाचला, घडी घातली, आणि विचारलं, "आणि मागचं?" तिच्या बाबतीत कायद्याने मागचं काही देणं लागत नाही, तिच्यासारखं काम करणारं दुसरं कुणी नव्हतंच. हे बरोबर आहे. मी तिला हेच सांगितलं, आणि सांगताना टेबलावरच्या प्लास्टरच्या कवळीकडे बघत होतो.

निवृत्त_गुरुजी:
आम्हाला फरक मिळाला होता.

रॅरिटनकाठ:
गुरुजी, वाचलं. काल बायकोही हेच म्हणाली. डिसेंबरात काहीतरी करू.

मध्यरात्रीचा_चहा:
आणि मूळ जाहिरातीचं काय झालं? जागा भरली का?

रॅरिटनकाठ:
अकरा अर्ज आले. दुसऱ्या दवाखान्याची प्रमुख म्हणून वर एक जागा काढली. आता बढतीची संधीही त्या विभागातल्या सगळ्यांना आधी कळवावी लागते, म्हणून पँट्रीत कागद लावला (मायक्रोवेव्हच्या वरच, बंड्याला सलाम). 'म' ने अर्ज केलाय.

फ्रंट डेस्कला काल एक मुलगी घेतली. मी २२ म्हटलं, ती २३ म्हणाली, मी हो म्हटलं. रात्री तिची ओळ तक्त्यात भरली. पाचव्या रकान्यात लिहिलं, "मागितले म्हणून." मग ते खोडलं. अजून तो रकाना रिकामा आहे आणि तिला सोमवारी यायचंय.